मास्तरांनी केलेली यादी

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगर, हनुमाननगर, गारखेडा परिसरातल्या आठवी-नववीच्या मुलांना गाझा, दारफूर, राखाइन ही नावे भूगोलाच्या पुस्तकाआधी मोबाइलवर भेटतात. क्लासहून घरी येईपर्यंत एखादी चित्रफीत चार ग्रुपांतून फिरून त्यांच्यापर्यंत पोहोचलेली असते. जळती वस्ती, रडणारी बाई, खाली मोठ्या अक्षरांत ‘नरसंहार’. कधी चित्रफीत खरी असते, तर कधी दुसऱ्याच देशातली आणि दहा वर्षांपूर्वीची. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न येतो, “सर, हे खरंय का? आणि खरं असेल तर कुणी थांबवत का नाही?”

पोर्शन संपवायचा आहे म्हणून हा प्रश्न टाळता येतो. पण शिक्षकाने टाळला तरी मुलाला उत्तर मिळतेच, आणि ते ज्याला द्वेष पसरवायचा आहे त्याच्याकडून मिळते. म्हणून आजच्या काळातला नरसंहार वर्गात कसा समजावून सांगायचा, हे प्रत्येक शिक्षकाने ठरवून ठेवायला हवे. गेल्या शंभर वर्षांतला कोणताही नरसंहार उलगडून पाहा, त्यात कुठे ना कुठे शिक्षक सापडतो. कुठे तो मारणाऱ्यांत असतो, कुठे मरणाऱ्यांत, आणि कुठे हातात वही घेऊन मेलेल्यांची नावे लिहीत असतो.

कायदा काय म्हणतो

सुरुवात व्याख्येपासून करावी लागते, कारण बहुतेक गोंधळ तिथेच आहे. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलाने दुसऱ्या महायुद्धात आपले ४९ नातलग गमावले. एखाद्या समाजाला संपवण्याच्या गुन्ह्याला जगाच्या कायद्यात स्वतंत्र स्थान हवे, असा ध्यास घेऊन ते झगडले. त्यातून ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी नरसंहारविरोधी करार मंजूर केला.

राष्ट्रीय, वांशिक, वंशीय किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेल्या पाच प्रकारच्या कृत्यांना हा करार नरसंहार म्हणतो. समूहातल्या लोकांना ठार मारणे, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणे, ते जगूच शकणार नाहीत अशी परिस्थिती मुद्दाम लादणे, त्यांच्यात मुले जन्माला येऊ नयेत असे उपाय करणे आणि त्यांची मुले हिसकावून दुसऱ्या समूहात नेणे, अशी ही पाच कृत्ये आहेत. एकालाही गोळी न घालता, केवळ अन्नपाणी तोडूनही हा गुन्हा घडू शकतो. उलट, हजारो माणसे मारली गेली तरी समूह नष्ट करण्याचा हेतू सिद्ध झाला नाही, तर तो युद्धगुन्हा किंवा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरतो, नरसंहार ठरत नाही. त्याने वेदना कमी होत नाही, फक्त कलम बदलते.

याच कराराने नरसंहाराला उघड चिथावणी देणे हाही गुन्हा ठरवला, आणि पहिल्याच कलमात करारात सामील सर्व देशांवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या. शिक्षा करणे ही एक. दुसरी त्याहून मोठी आहे, ती प्रतिबंध करण्याची. भारताने १९४९ मध्ये या करारावर सही केली आणि १९५९ मध्ये तो अधिकृतपणे स्वीकारला. मात्र तो देशाच्या फौजदारी कायद्यात उतरला नाही. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातल्या सज्जनकुमार खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी नेमकी हीच उणीव बोलून दाखवली होती. त्यानंतर आलेल्या भारतीय न्याय संहितेतही नरसंहार हा वेगळा गुन्हा नाही.

मौंगडॉचे मास्तर

आजच्या नरसंहाराबद्दल जगाला जागे करणारा शिक्षक कोण, असे मुलांनी विचारले तर एक नाव ठामपणे सांगता येते. ते म्हणजे मोहिबुल्ला. म्यानमारच्या राखाइन प्रांतात, बांगलादेशच्या सीमेला लागून असलेल्या मौंगडॉ भागात ते शाळामास्तर होते. लोक त्यांना ‘मास्तर’ म्हणूनच ओळखत.

मोहिबुल्ला ज्या रोहिंग्या समाजाचे होते, त्याच्यावरचे संकट एका रात्रीत आले नाही. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्याला देशाच्या मान्य जमातींबाहेर ठेवले. सरकारी यादीत १३५ जमाती आहेत, त्यात रोहिंग्या नाहीत. मग प्रवासावर बंधने आली, लग्नासाठी परवानगी घ्यावी लागू लागली. २०१५ मध्ये उरलीसुरली तात्पुरती ओळखपत्रेही रद्द झाली. फेसबुकवर त्यांना माणसाऐवजी किडे आणि जनावरे म्हणणाऱ्या मजकुराचा पूर आला. २५ ऑगस्ट २०१७ रोजी ‘आरसा’ या सशस्त्र रोहिंग्या गटाने सुमारे ३० पोलीस चौक्यांवर हल्ले केले आणि त्यानंतर लष्कराने गावेच्या गावे पेटवली. सात लाखांहून अधिक माणसे नाफ नदी ओलांडून बांगलादेशात गेली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने छावण्यांत पाहणी करून अंदाज मांडला की पहिल्या महिन्यातच किमान ६,७०० रोहिंग्या हिंसाचारात मेले आणि त्यांत पाच वर्षांखालची किमान ७३० मुले होती.

शिक्षकाने याच ठिकाणी दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच ऑगस्टमध्ये आरसाच्या बंदूकधाऱ्यांनी राखाइनमधल्या हिंदू गावकऱ्यांची कत्तल केली, असे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१८ मध्ये तपासाअंती मांडले. हे लपवले तर वर्गातला एखादा मुलगा ते कुठून तरी शोधून आणेल आणि मग शिक्षकाच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. एका सशस्त्र गटाचा गुन्हा खरा असू शकतो, आणि त्याच्या नावाखाली संपूर्ण समाजाला हाकलणे, मारणे हाही गुन्हाच राहतो.

बांगलादेशातल्या कुतुपालोंगच्या छावणीत बांबू आणि प्लास्टिकच्या झोपडीत राहणाऱ्या मोहिबुल्लांनी मास्तराला साजेसे काम हाती घेतले. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी झोपडी-झोपडीत जाऊन मारल्या गेलेल्यांची यादी केली. नाव, वय, वडिलांचे नाव, गावचा पत्ता, मृत्यू कसा आला. ज्या राज्याने ही माणसे आपल्या कागदावरून पुसली होती, त्यांना या मास्तरांनी पुन्हा कागदावर आणले. २०१९ मध्ये ते जिनिव्हाला मानवी हक्क परिषदेत बोलले आणि त्याच वर्षी जुलैत व्हाइट हाउसमध्ये जाऊन आपल्या लोकांचे म्हणणे मांडून आले. २५ ऑगस्ट २०१९ रोजी, हकालपट्टीला दोन वर्षे झाली त्या दिवशी, त्यांच्या हाकेला ओ देऊन छावणीत लाखाहून जास्त माणसे शांतपणे जमली.

२९ सप्टेंबर २०२१ च्या रात्री छावणीतल्या त्यांच्या कार्यालयात घुसून बंदूकधाऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. बांगलादेश पोलिसांनी आरोपपत्र ठेवले ते आरसाशी संबंधित लोकांवर. शांततेने न्याय मागणारा हा मास्तर दोन्हीकडच्या बंदुकांना नको होता.

मास्तर दुसऱ्या बाजूलाही असतो

शिक्षकी पेशाचा हा अभिमान सांगताना त्याचा काळा इतिहासही सांगावा लागतो. नाझी जर्मनीत ज्यूंविरुद्ध सर्वांत हिडीस साप्ताहिक चालवणारा युलिउस श्ट्रायखर मूळचा प्राथमिक शिक्षक होता. त्याच्या प्रकाशनाने १९३८ मध्ये लहान मुलांसाठी एक चित्रमय पुस्तक काढले आणि त्यात ज्यूंना विषारी अळंब्यांसारखे दाखवले. त्याने स्वतःच्या हाताने कुणाला मारल्याचा आरोप नव्हता. तरीही न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने त्याच्या लेखणीची जबाबदारी त्याच्यावर ठेवली आणि १९४६ मध्ये त्याला फाशी झाली.

रवांडाचे उदाहरण याहून जवळचे वाटेल. बेल्जियमच्या वसाहती राजवटीने तिथल्या ओळखपत्रावर माणूस कोणत्या समाजाचा, हुतू की तुत्सी, हे छापायला सुरुवात केली आणि स्वातंत्र्यानंतरही ते तसेच राहिले. शाळेत शिक्षक मुलांना उभे करून हुतू कोण, तुत्सी कोण याची मोजणी करत. अनेक मुलांना आपण तुत्सी आहोत हे पहिल्यांदा वर्गात, सगळ्यांसमोर उभे राहावे लागल्यावर कळले. १९९३ पासून एका खासगी रेडिओने तुत्सींना झुरळ म्हणत विष पसरवले. एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली. रस्त्यावरच्या नाक्यांवर तीच ओळखपत्रे तपासून कोण जगणार, कोण मरणार हे ठरत होते.

ताबा नावाच्या तालुकावजा भागाचा प्रमुख जाँ-पॉल अकायेसु हा त्याआधी शिक्षक आणि शाळा तपासनीस होता. सुरुवातीचे काही दिवस त्याने आपल्या भागात हिंसा होऊ दिली नाही. १८ एप्रिलला हंगामी सरकारातल्या नेत्यांबरोबर बैठक झाली आणि तो फिरला. त्यानंतर ताबात किमान दोन हजार तुत्सी मारले गेले. त्याच्या सांगण्यावरून मारल्या गेलेल्यांत पाच शिक्षक होते. २ सप्टेंबर १९९८ रोजी टांझानियातल्या अरुशा इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला दोषी ठरवले. नरसंहाराच्या गुन्ह्याखाली एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेला हा जगातला पहिला दोषसिद्धीचा निकाल. बलात्कार हेही नरसंहाराचे हत्यार असू शकते, हे याच निकालाने प्रथम मान्य केले. तीन न्यायाधीशांच्या त्या पीठावर दक्षिण आफ्रिकेच्या, भारतीय वंशाच्या नवी पिल्ले होत्या.

अकायेसुची गोष्ट वर्गात जरूर सांगावी. मारणारे जन्मतःच राक्षस असतात, ही मुलांची समजूत तिने मोडते. तो शिकलेला, मान असलेला, काही दिवस चांगलाही वागलेला माणूस होता. पदाची भीती आणि लोभ यांपुढे तो वाकला.

रवांडाची ही शिकवण वाया गेली नाही. त्याच न्यायाधिकरणात वकील म्हणून काम केलेले अबुबकर तंबाडू पुढे गांबिया या चिमुकल्या देशाचे कायदामंत्री झाले. २०१८ मध्ये ते बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत गेले. रोहिंग्यांच्या कहाण्या ऐकताना त्यांना रवांडा आठवला. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी गांबियाने म्यानमारविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. पुढच्या जानेवारीत न्यायालयाने एकमताने म्यानमारला रोहिंग्यांचे संरक्षण करण्याचा आणि पुरावे जपण्याचा अंतरिम आदेश दिला. ज्या देशाची म्यानमारशी सीमाही लागत नाही, तोही कराराच्या आधारे दाद मागू शकतो, हे त्यातून दिसले. अशा दाव्यात पुराव्याचे मोल किती, हे कळले की मास्तरांच्या यादीचे मोलही कळते.

आजची नावे, आणि प्रत्येकाचा दर्जा

वर्तमानाबद्दल बोलताना शिक्षकाने एक शिस्त पाळावी. प्रत्येक घटनेबाबत आरोप कोणाचा, चौकशीचा निष्कर्ष कोणता आणि न्यायालयाचा निकाल कोणता, हे वेगवेगळे सांगावे.

इराकमधल्या सिंजारमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने यझिदींवर जे केले, त्याबाबत निकाल आहे. कोचो गावच्या माणसांना गावातल्याच शाळेत जमवले गेले. पुरुषांना मारले, तरुण मुलींना गुलाम केले. त्या गावची नादिया मुराद २०१८ च्या शांतता नोबेलची मानकरी ठरली. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या न्यायालयाने इस्लामिक स्टेटच्या एका सदस्याला नरसंहारासाठी जन्मठेप दिली. त्याने पाच वर्षांच्या यझिदी मुलीला उन्हात बांधून तहानेने मरू दिले होते.

सुदानमधल्या दारफूरबद्दल माजी राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१० मध्येच नरसंहाराच्या आरोपाखाली अटक वॉरंट काढले. म्हणजे इथे आरोप आहे, खटला पूर्ण झालेला नाही. एप्रिल २०२३ पासून तिथे पुन्हा युद्ध पेटले. ‘आरएसएफ’ या निमलष्करी दलाने मसालित जमातीच्या लोकांना वेचून मारल्याच्या नोंदी आहेत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर अल-फाशेर शहर त्याच्या हाती गेल्यावर पुन्हा हत्याकांडे झाली. दूरचित्रवाणीवर या भागाला मिळणारी मिनिटे पाहिली, तर जगाचे लक्ष माणसांच्या दुःखाच्या प्रमाणात वाटले जात नाही, हेही मुलांना समजेल.

गाझाबाबत सावधपणा आणि धैर्य दोन्ही लागतात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १,२०० माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेले. त्यानंतरच्या इस्रायली कारवाईत हजारो मुलांसह पॅलेस्टिनींचे बळी दहा-दहा हजारांनी वाढत गेले. दक्षिण आफ्रिकेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. २६ जानेवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने इस्रायलला नरसंहाराची कृत्ये रोखण्यास सांगितले. तो अंतिम निकाल नव्हे. बहुमताच्या बाजूने मत देणाऱ्यांत भारतीय न्यायाधीश दलवीर भंडारी होते, जे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्याच न्यायालयाचे खंडपीठ आपल्या जालना रोडवर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने, अकायेसु खटल्यातल्या त्याच नवी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखाली, गाझात नरसंहार झाल्याचा निष्कर्ष काढला. इस्रायलने तो साफ फेटाळला. एवढे सगळे जसेच्या तसे फळ्यावर मांडले, तर शिक्षकावर कुणाची बाजू घेतल्याचा ठपका येण्याचे कारण उरत नाही आणि मुलांना स्वतः विचार करायला पुरेशी सामग्री मिळते.

घराजवळचा इतिहास

दूरच्या देशांबद्दल हळहळणे सोपे असते. मराठवाड्यातल्या शिक्षकाने आपल्या मातीचेही बोलावे. दर १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. निजामाच्या हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हेही हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांत शिकवणारे शिक्षक होते. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली, हे आपण मुलांना सांगतो आणि सांगायलाच हवे. मात्र भारताने संस्थानात सैन्य पाठवून केलेल्या ‘पोलीस कारवाई’नंतर तिथल्या मुसलमानांवर जी हिंसा झाली, तिचाही उल्लेख यायला हवा. पंडित नेहरूंच्या सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा मांडला. तिच्या मते सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना बसली. मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही याच समितीने केली. मुलांना सगळ्यात आधी त्या माणसांच्या गोष्टी सांगाव्यात.

तसेच २७ जुलै १९७८ चे. विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे हा संघर्ष चालला.

या दोन घटनांना नरसंहार म्हणावे असे मी सुचवत नाही. कायद्याची कसोटी वेगळी आहे, आणि प्रत्येक अत्याचाराला तोच एक शब्द लावला की त्याची धार जाते. तरीही एका माणसाने काय केले ते न पाहता तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा आहे एवढे पाहून त्याचे घर जाळायचे, ही रीत मौंगडॉत आणि मराठवाड्यात सारखीच होती. ती आपल्याकडे कधीच नव्हती असे मुलांना सांगणे खोटे ठरेल.

वर्गात नेमके काय करावे

नरसंहाराचे अभ्यासक ग्रेगरी स्टँटन यांनी त्याचे दहा टप्पे मांडले आहेत. ‘आपण’ आणि ‘ते’ अशी वर्गवारी, ओळखीच्या खुणा, भेदभाव, माणूसपण नाकारणे, संघटन, ध्रुवीकरण, तयारी, छळ, संहार आणि शेवटी नकार. हे टप्पे एकापाठोपाठ येतातच असे नाही, बरेचदा एकाच वेळी चालू असतात. नकार तर शेवटपर्यंत टिकतो. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुले मारली गेली, न्यायालयांनी त्याला नरसंहार ठरवले, तरी आजही ते नाकारणारे आहेत. दहातले पहिले चार टप्पे रक्ताचा थेंब न सांडता पार पडतात आणि त्यांची जागा असते चौक, घर, शाळा, फोन. शिक्षकाचा हात पोहोचतो तो तिथेच.

म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात. प्रेतांची छायाचित्रे मुलांना दाखवू नयेत. त्याने समज वाढत नाही, एक तर भीती बसते किंवा मन मरते. आकड्याआधी एका माणसाची गोष्ट सांगावी. वर्गाचे दोन गट पाडून एकाला छळणारा आणि दुसऱ्याला छळला जाणारा करण्याचे नाटक कधीही करू नये. कोणत्याही मुलाला त्याच्या धर्माच्या जगभरातल्या लोकांचा आरोपी किंवा वकील करू नये. पुंडलिकनगरात बसलेल्या मुलीने आरसाचे, हमासचे किंवा म्यानमारच्या बौद्ध लष्करशहांचे उत्तर द्यायचे नसते. फोनवर आलेल्या चित्रफितीला चार प्रश्न विचारायची सवय लावावी. कधीची, कुठली, कुणी काढली, आणि मला ती पाठवून पाठवणाऱ्याला काय साधायचे आहे? फेसबुकने स्वतःच २०१८ मध्ये कबूल केले की म्यानमारमध्ये आपल्या मंचाचा हिंसा भडकवण्यासाठी वापर झाला आणि आपण तो रोखायला पुरेसे काही केले नाही. मुलांना हे सांगितले की पुढे ढकललेल्या एका संदेशाचे वजन त्यांना कळते.

आणि वाचवणाऱ्यांची गोष्ट सांगावी. नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये, वॉर्सातल्या बंदिस्त ज्यू वस्तीत यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर आणि शिक्षक अनाथाश्रम चालवत. जुलै १९४२ मध्ये त्यांनी तिथल्या मुलांकडून रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ हे नाटक बसवून घेतले. पुढच्याच महिन्यात सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेले गेले. स्वतः सुटण्याची संधी असूनही कोर्चाक मुलांबरोबर गेले. त्याच पोलंडच्या, स्टालिनच्या राजवटीने घरादारातून उचलून नेलेल्या सुमारे पाच हजार निर्वासितांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याने आसरा दिला. त्यांच्या छावणीत शाळा होत्या, चर्च होते. परक्याला घरात घेण्याची ही आठवण महाराष्ट्राचीही आहे आणि ती पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचायला हवी.

शाळेच्या वेळापत्रकात याला जागा कुठे, असा प्रश्न मुख्याध्यापक विचारतील. जागा तयार आहे. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन, १० डिसेंबरला मानवी हक्क दिन. मध्ये ९ डिसेंबर येतो, ज्या दिवशी नरसंहारविरोधी करार झाला आणि जो २०१५ पासून संयुक्त राष्ट्रांनी नरसंहारातल्या बळींच्या स्मरणाचा दिवस मानला आहे. त्या दिवशी आठवी ते दहावीच्या प्रत्येक तुकडीला इतिहासाचा एक तास द्यावा. कराराचे पहिले कलम वाचावे, मोहिबुल्ला आणि अकायेसु या दोन शिक्षकांची गोष्ट सांगावी आणि त्या आठवड्यात आपल्याकडे आलेला, कुणाला तरी माणसातून उठवणारा एक संदेश मुलांना स्वतः शोधून आणायला सांगावा. प्रतिबंधाची जबाबदारी करारावर सही करणाऱ्या देशांची आहे हे खरे. पण देशाच्या आधी ती ज्यांच्या हातात पोहोचू शकते, अशी माणसे फार थोडी आहेत, आणि शिक्षक त्यांत पहिला आहे.